गल्लीत कावीळ आली आहे आणि मला सातवा संपत आलाय

पत्र :

डॉक्टर मॅडम, मी 27 वर्षांची, पहिलटकरीण. सातवा महिना संपत आला. आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, नदीकाठाला. नळाला पाणी एक दिवसाआड येतं. पंधरा दिवसांपासून गल्लीत काविळीचे पेशंट निघायला लागलेत, आणि गेल्या सोमवारी आमच्या थोरल्या जाऊबाईंचे डोळे पिवळे झाले. काही खाल्लं की त्यांना उमासे येतात. सासूबाईंनी त्यांना शेजारच्या गावात कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊन माळ घालून आणली. आता म्हणतात, ‘तुझीपण आधीच उतरवून आणूया, बाळाला लागायला नको.’ मिस्टर म्हणतात, लहानपणी काविळीची लस झालीय ना, मग काय होत नाही. आणि काविळीवर औषधच नसतं तर डॉक्टर तरी काय करणार? आई म्हणते, सरळ माहेरी ये. मला दोन दिवस अन्नावर वासना नाही, पण ते दिवसांमुळेच असेल. बाळाला काही होणार नाही ना, एवढंच सांगा.

उत्तर :

तुमचं पत्र मिळालं त्याच रात्री तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या : सकाळी उठल्यावर लिव्हरच्या तपासण्या करून घ्या आणि रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा. हा विषय सदर छापून येईपर्यंत थांबणारा नव्हता. इथे सविस्तर लिहितेय, कारण पावसाळा लागला की अशी पत्रं येतात आणि जवळपास प्रत्येक पत्रात चौकशी असते ती फक्त बाळाची.

आधी तुमच्या त्या वासना नसण्याबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत अन्न नकोसं होणं, मळमळणं नेहमीचंच. पण चौथ्या-पाचव्या महिन्यात ते थांबून बाई नीट जेवायला लागली आणि सातव्यात पुन्हा ताटावरून उठायला लागली, तर ते ‘दिवसांमुळे’ म्हणून सोडून द्यायचं नाही. त्यातून घरात काविळीचा पेशंट, गल्लीत साथ. डोळे पिवळे दिसायच्या आधीचे काही दिवस कावीळ अशीच असते : कणकण, भूक मेलेली, उजव्या बरगडीखाली जड जड, आणि लघवी कडक चहासारखी. पिवळेपणा मागून येतो. तपासणीत काही निघालं नाही तर उत्तमच. निघालं, तर चार दिवस आधी कळलं.

आता मूळ मुद्दा. पावसाळ्यात आपल्याकडे गल्लीच्या गल्ली पिवळी करणारी जी कावीळ असते, ती बहुतेक वेळा ‘हिपॅटायटिस ई’ या विषाणूची. मैला मिसळलेल्या पाण्यातून ती पसरते. तुमच्या जाऊबाईंच्या वयाच्या धडधाकट माणसाला ती दोन-चार आठवडे लोळवते आणि सहसा आपली आपण बरी होते. साथीत शंभरात एखादा दगावतो, बहुतेकदा तेवढेही नाही. गरोदर बाईचं गणित मात्र वेगळं आहे. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर मृत्यूचं प्रमाण शंभरात 20 ते 25 पर्यंत जाऊ शकतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच गल्लीतलं, त्याच नळाचं पाणी प्यायलेल्या सासऱ्यांना, दिराला, नवऱ्याला जो आजार ‘आराम करा, बरं वाटेल’ एवढाच असतो, तोच तुमच्या जिवावर उठू शकतो. तुम्ही बाळाचं विचारलंत. माझी पहिली काळजी तुमची आहे, आणि बाळाची वाटही तुमच्यातूनच जाते.

हा आकडा तुम्हाला घाबरवायला दिला नाही. तो घरात मोठ्याने वाचून दाखवायला दिलाय. सासूबाईंनी आयुष्यात वीस-पंचवीस काविळी बऱ्या होताना बघितल्या असतील, त्यातून त्यांचा अनुभव बनलाय आणि तो खोटा नाही. फक्त त्यात सातव्या-आठव्या महिन्यातली बाई क्वचितच असणार.

दिल्लीत 1955च्या नोव्हेंबरात यमुनेचं पाणी उपसणाऱ्या वझिराबादच्या केंद्रात गटाराचं पाणी शिरलं आणि पुढच्या काही आठवड्यांत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर बायकांना ती फार जड गेल्याचं तेव्हाच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. त्या वेळी ती हिपॅटायटिस ‘ए’ या दुसऱ्या विषाणूची समजली गेली. पुढे 1980च्या सुमारास त्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासले गेले, त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले, म्हणजे एनआयव्हीतले शास्त्रज्ञही होते, तेव्हा समजलं की ती ‘ए’ नव्हतीच. त्याच सुमारास काश्मीर खोऱ्यात 1978च्या साथीत डॉ. मोहम्मद सुलतान खुरू गावोगाव फिरून पाहणी करत होते. त्यांनाही तेच दिसलं : गरोदर बायकांत कावीळ जास्त, आणि त्यातही लिव्हर एकदम निकामी होण्याचे प्रकार शेवटच्या महिन्यांत जास्त. म्हणजे या विषाणूला स्वतःचं नाव मिळायच्या आधीच तो कोणावर उलटतो ते आपल्या देशात लिहून ठेवलं गेलं होतं. तुमच्या जिल्ह्याला तर 2012ची इचलकरंजीतली साथ आठवत असेल. इतकं असून आपल्या घराघरांतलं काविळीबद्दलचं बोलणं अजून चुना आणि उसाच्या रसापुढे सरकत नाही, याचा मला राग येतो. तो सासूबाईंवरचा नाही. गल्लीत दहा पेशंट निघाल्यावरही तिथल्या गरोदर बायकांना वेगळं बोलावून कुणी काही सांगत नाही, त्याचा आहे.

गरोदरपणातच हे का होतं? पोटातलं बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला ‘परकं’. ते सांभाळायचं तर आईच्या प्रतिकारशक्तीला आपली ठेवण बदलावी लागते. जोडीला इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स शेवटच्या महिन्यांत खूप वाढलेली असतात. या बदललेल्या घरात हा विषाणू लिव्हरमध्ये जास्त माजतो, असा अभ्यासकांचा कयास आहे. पण गंमत अशी की ‘ए’ची कावीळ, तीही पाण्यातूनच येणारी, गरोदर बाईला आपल्याकडे सहसा एवढी छळत नाही. म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘कावीळ’ लिहिलेलं पुरत नाही, ‘कोणती’ हे हवं.

इथून मिस्टरांच्या लशीकडे येऊ. सरकारी लसीकरणात बाळांना जी काविळीची लस मिळते ती हिपॅटायटिस ‘बी’ची. खासगी दवाखान्यात काही मुलांना ‘ए’चीही देतात. ‘ई’शी या दोन्हींचा काही संबंध नाही. ‘ई’ची लस चीनमध्ये 2011 पासून आहे, आपल्याकडच्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. शाळेत असताना एकदा कावीळ होऊन गेली असेल, तरी तीही बहुतेक ‘ए’च असणार आणि तिची ढाल ‘ई’पुढे चालत नाही. तेव्हा ‘मला लस झालीय’ हे वाक्य या साथीपुरतं विसरा.

माहेरी जाऊ का? जा, तिथलं पाणी खात्रीचं असेल आणि जवळ मोठं हॉस्पिटल असेल तर जरूर जा. पण गाव सोडलं म्हणजे सुटलो असं नाही. हा विषाणू पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात, सरासरी पाच-सहा. जाऊबाई आज पिवळ्या दिसताहेत त्या महिना-दीड महिन्यापूर्वी प्यायलेल्या पाण्यामुळे, आणि ते पाणी तुम्हीही प्यायला आहात. म्हणून पुढचे दोन-अडीच महिने, म्हणजे तुमचं बाळंतपण होऊन जाईपर्यंत, तुम्ही कुठेही असा, लघवीचा रंग आणि भूक यांवर लक्ष ठेवायचं. तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं की आमच्या गावात काविळीची साथ होती. तुमची फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यायचं. सातव्या महिन्यानंतर एसटीच्या मागच्या सीटवर बसून आठ तास जाण्यात काही शहाणपण नाही, हे वेगळं सांगायला नको.

जाऊबाईंपासून तुम्हाला थेट लागण्याची भीती त्यामानाने कमी. ही कावीळ माणसाकडून माणसाकडे फारशी जात नाही, पाण्यातून जाते. त्यांचं ताट-वाटी वेगळं काढून त्यांना ओसरीवर बसवू नका, उगाच मन दुखेल. फक्त त्यांनी काही आठवडे स्वयंपाक आणि पाण्याच्या भांड्यांपासून लांब राहावं, संडासला जाऊन आल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि त्यांचे कपडे धुवायचं काम तुमच्याकडे नको.

खरं लक्ष पाण्यावर हवं. तुमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, म्हणजे मधले बरेच तास पाइपलाइन रिकामी असते. ती कुठे ना कुठे गटाराच्या कडेने किंवा गटारातूनच गेलेली असते, आणि सांधा गळत असेल तर आतला दाब गेल्यावर बाहेरचं पाणी आत झिरपतं. त्यात गल्लीतल्या चार घरांनी नळालाच थेट मोटर लावलेली असते. मोटर पाणी ओढते तेव्हा ती गळक्या सांध्यातून गटारही ओढते. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ, वास येणारं पाणी येतं ना? ते हेच. ते पाणी हंड्यात धरायचं नाही, आणि त्याने हंडे विसळायचेही नाहीत.

पिण्याचं पाणी उकळायचं. खदखदून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तशीच राहू द्यायची, मग झाकून गार करायचं, आणि वरून घ्यायला दांड्याचं ओगराळं ठेवायचं. हातातला पेला त्यात बुडवायचा नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, विषाणू बसत नाही. फडक्याने गाळून नारू अडवता यायचा, हा विषाणू त्या मानाने फारच बारीक. क्लोरीनच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात, त्या जरूर वापरा, पण गरोदर बाईसाठी उकळणं सगळ्यांत खात्रीचं. तुम्ही म्हणाल आमच्याकडे प्युरिफायर आहे. चांगला असेल आणि वेळेवर सर्व्हिसिंग झालं असेल तर असू दे, पण साथ ओसरेपर्यंत त्यातलंही पाणी उकळा. दात घासायला, भाजी-कोथिंबीर धुवायलाही तेच. बाहेरची पाणीपुरी, बर्फाचा गोळा, लग्नातलं मठ्ठा-ताक सध्या बंद.

आणि उसाचा रस. कावीळ झाली की आपल्याकडे पहिली वाट रसवंतीची धरतात. उसात वाईट काही नाही. पण तो ऊस ज्या बादलीत धुतला, त्यात जो बर्फ घातला, ते ग्लास ज्या पाण्यात बुचकळून काढले, ते पाणी कुठलं? काविळीच्या साथीत उघड्यावरचा रस प्यायला लावणं म्हणजे आजार जिथून आला तिथेच पुन्हा पाठवणं.

खाण्याच्या पथ्याचंही सांगून टाकते, कारण जाऊबाईंना आत्ता नुसतं मुरमुरे, फुटाणे आणि बिनमिठाची पेज मिळत असणार. हळद बंद केल्याने डोळ्यांचा पिवळेपणा कमी होत नाही, त्या पिवळ्या रंगाचा आणि हळदीचा काही संबंध नाही. वरण-भात, भाकरी, उसळ, दूध, अंडं, पचेल ते साधं घरचं जेवण, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. मळमळत असेल तर तळलेलं आपसूकच नको वाटेल, तेवढंच टाळा. गरोदर बाईला उपाशी ठेवणं तर वाईटच, कारण लिव्हर दमलेलं असलं की रक्तातली साखर झपकन खाली येते.

आता उतरवण्याबद्दल, आणि जरा सबुरीने, कारण हे उत्तर सासूबाईंच्याही कानावर जावं असं मला वाटतं. तिथे काय होतं ते जवळून बघा. हाताला कसलासा रस चोळतात, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं आणि सगळे म्हणतात, बघा निघाली! तो रस बहुधा आंब्याच्या सालीचा असतो. चुन्याशी त्याची गाठ पडली की पाणी पिवळं होतंच. तुमच्या मिस्टरांचे हात धुतले तरी होईल, करून बघा. माळेचं तसंच. ओल्या काड्या दोऱ्यात गुंफलेल्या असतात, वाळल्या की आक्रसतात, गाठी सैल पडतात आणि डोक्यावरची माळ वाढत वाढत गळ्यात येते. मग कावीळ बरी कशी होते? ती तशीही होणारच असते, शंभरातल्या नव्व्याण्णवांची. श्रेय माळेला मिळतं.

जाऊबाईंनी माळ घातली म्हणून बिघडलं नाही, घालू देत. माझं भांडण दोनच गोष्टींशी आहे. एक, झाडपाल्याचा रस पाजणं, नाकात काही पिळणं, हातावर डाग देणं; आजारी लिव्हरला काय काय पचवायला लावायचं याला काही मर्यादा? तुमच्या बाबतीत तर यातलं काहीही नको, ‘आधीच’ उतरवायलाही नको. दुसरं, माळ खाली येईपर्यंत वाट बघण्यात जाणारे दिवस. गरोदर बाईची कावीळ बिघडते तेव्हा ती कधी कधी दोन-तीन दिवसांत बिघडते. सासूबाईंना असं म्हणून बघा : ‘आई, माळेचं नंतर बघू, आधी रक्त देऊन येते.’ रक्त तपासण्याला त्यांचाही विरोध नसेल. दोघींनी मिळूनच जा.

‘औषध नसतं तर डॉक्टर काय करणार’ हा मिस्टरांचा प्रश्न मला आवडला. त्यांचं अर्धं बरोबर आहे. या विषाणूला मारणारं, गरोदर बाईला देता येईल असं औषध नाही. रिबाव्हिरिन नावाचं एक औषध इतर काही पेशंटना देतात, ते गरोदरपणात वर्ज्य आहे. मग आम्ही करतो काय? राखण. सगळे नातेवाईक विचारतात, ‘कावीळ किती चढलीय?’ म्हणजे बिलिरुबिन किती. मी आधी बघते पीटी-आयएनआर. रक्त गोठवायला लागणारी द्रव्यं लिव्हर बनवतं. लिव्हर खचायला लागलं की ती बनेनाशी होतात, आयएनआर वाढायला लागतो, आणि ही बातमी डोळ्यांच्या रंगाच्या आधी कळते. एरवी तो एकच्या आसपास असतो. दीडच्या वर गेला आणि बाई जरा गुंगीत वाटली की तिला आयसीयूतच हवं, तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये सलाईन लावून ठेवण्यात अर्थ नाही. तिथे रक्तातली साखर तासातासाला बघून ग्लुकोज द्यावं लागतं, रक्तस्राव होत असेल किंवा प्रसूती तोंडावर असेल तर प्लाझ्मा लावावा लागतो, शुद्ध हरपत असेल तर श्वासाची काळजी घ्यावी लागते. या काविळीत कळा लवकर सुरू होण्याची शक्यता असते, आणि रक्त गोठत नसताना प्रसूती झाली तर नंतरचा रक्तस्राव आवरत नाही. बायका दगावतात त्याचं हेही एक मोठं कारण. म्हणून रक्तगट माहीत असणं, रक्तपेढी हाताशी असणं, हिमोग्लोबिन आधीपासून चांगलं असणं, या सगळ्याला मोल आहे. लोहाच्या गोळ्या तुम्ही घेताय ना, की त्या कपाटात आहेत?

डॉक्टरांचं आणखी एक काम आहे, ते घरी कुणालाच जमणार नाही. शेवटच्या तीन महिन्यांत डोळे पिवळे होण्याची कारणं विषाणूशिवायही असतात. बीपी वाढून लिव्हरवर ताण येणारा हेल्प सिंड्रोम, लिव्हरमध्ये अचानक चरबी साठणारा आजार, आणि तळहात-तळपायांना रात्री बेसुमार खाज आणणारा पित्त साचण्याचा प्रकार. यातल्या पहिल्या दोन्हींत उपचार म्हणजे बाळंतपण लवकर उरकणं. ‘ई’च्या काविळीत मात्र निव्वळ कावीळ झाली म्हणून घाईने सिझर केल्याने आईचं लिव्हर सुधारतंच असं नाही, तो निर्णय प्रत्येकीपुरता घ्यावा लागतो. दिसायला दोन्हीकडे पिवळे डोळे आणि उलट्या. उपाय अगदी वेगळे.

तपासण्या लिहून देते म्हणजे लॅबमध्ये अडखळायला नको : लिव्हर फंक्शन टेस्ट, पीटी-आयएनआर, सीबीसी, साखर, लघवी; आणि एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारा आकडा) वाढलेलं निघालं तर हिपॅटायटिस ‘ई’चं आयजीएम, ‘ए’चं आयजीएम, आणि ‘बी’चा एचबीएसएजी (तो तुमच्या पहिल्या तपासण्यांत झालेला असेल, फाईल बघा). बीपी मोजून घ्या. रिपोर्ट हातात आल्यावर एका आकड्याने दचकू नका : अल्कलाइन फॉस्फेटेज. त्याच्यापुढे ठळक खूण असेल, पण शेवटच्या महिन्यांत तो वारेमुळे वाढलेलाच असतो. अल्ब्युमिनही थोडं कमी दिसतं. एसजीपीटी आणि बिलिरुबिन मात्र गरोदरपणामुळे वाढत नाहीत. ते वाढले असतील तर कारण शोधायलाच हवं. आजचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि भूक तरीही परतली नाही, तर आठवड्याने पुन्हा करायचा.

तोवर मेडिकलमधून आपल्या मनाने काही आणायचं नाही. ताप-अंगदुखीला निमेसुलाइड तर मुळीच नको, ते लिव्हरला घातक. पॅरासिटामॉल साध्या तापाला चालतं, पण लिव्हर बिघडलंय असं निघालं तर तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच.

आणि या गोष्टी दिसल्या तर रात्र आहे की दिवस, बघायचं नाही : डोळे पिवळे, पोटात पाणी ठरत नाही इतक्या उलट्या, दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात विसंगती किंवा विनाकारण चिडचिड, हात थरथरणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर निळे डाग, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं. बोलण्यातली विसंगती पेशंटला स्वतःला कळत नाही, ती घरच्यांनी ओळखायची. मिस्टरांना हा परिच्छेद वाचायला द्या. अशा वेळी 108ला फोन करायचा आणि आयसीयू, रक्तपेढी, नवजात बाळांचा विभाग असलेलंच ठिकाण गाठायचं. तुमच्या भागातून कोल्हापूरचं सीपीआर किंवा मिरजेचं सिव्हिल ही सरकारी रुग्णालयं, जे जवळ पडेल ते. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईला तपासण्या, औषधं, रक्त, सिझर सगळं मोफत असतं, ते जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात येतं. पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

बाळाचं : हो, आईला ही कावीळ असेल तर ती बाळाला होऊ शकते, बाळ दिवस भरण्याआधी येऊ शकतं, पोटात दगावण्याचाही धोका असतो. जन्मलेल्या बाळाची साखर, अंगाची ऊब आणि लिव्हर पहिले काही दिवस बघावं लागतं. पण बाळाला पोटात असताना वेगळं वाचवायचं असं काही औषध नाही. आईची साखर, आईचं रक्त, आईची शुद्ध सांभाळणं हीच त्याची देखभाल. बाळंतपणानंतर आई सावरलेली असेल तर अंगावर पाजायला सहसा हरकत नसते, फार आजारी असेल तर बाळाचे डॉक्टर ठरवतील.

पाण्याच्या काविळीखेरीज बाकीचे विषाणूही आहेतच. फ्लूने गरोदर बाईला न्यूमोनिया लवकर होतो. पुण्याने 2009च्या स्वाइन फ्लूत ते चांगलंच पाहिलं. फ्लूची इंजेक्शनची लस कुठल्याही महिन्यात घेता येते, तुम्ही घेतली नसेल तर याच भेटीत विचारा. डेंग्यूत प्लेटलेट खाली असताना बाळंतपण आलं तर रक्तस्रावाचं तेच संकट, म्हणून तापात ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घ्यायचं नाही. कांजिण्या लहानपणी झाल्या नसतील तर कांजिण्यांच्या घरी जायचं नाही. मोठ्या वयात, त्यातून गरोदरपणी, त्या फुप्फुसात उतरतात. ‘बाळाला देवीची कृपा’ म्हणून कडुलिंबाचा पाला टांगून थांबू नये. या प्रत्येकावर वेगळं लिहिता येईल, आज तुमच्या गल्लीत कावीळ आहे म्हणून तीच.

गल्लीत आणखी कोण कोण पोटुशी आहे, ते आशाताईंना माहीत असतं. तुमच्या तपासणीचं त्यांच्या कानावर घाला, आणि ग्रामपंचायतीकडे गळक्या लाइनची तक्रार लेखी द्या, पोच घ्या. किती घरांत पेशंट आहेत तो आकडा त्यात लिहा, म्हणजे आरोग्य केंद्राला पाण्याचे नमुने घ्यायला यावंच लागेल.

शेवटचं, जाऊबाईंबद्दल. त्या तरण्या आहेत, डोळे पिवळे आहेत आणि खाल्लं की उमासे येतात. या उमाशांचं खापर सगळ्यांनी काविळीवर फोडलंय, तसं ते असेलही. पण त्यांची पाळी शेवटची कधी आली होती, हे माळ घालण्याआधी कुणी विचारलं का? तुम्ही विचारा, बाजूला घेऊन. चुकली असेल तर मेडिकलमधून लघवीच्या तपासणीची पट्टी आणा आणि सकाळी तुमच्याबरोबर त्यांचंही रक्त द्या.